व्हिल द्यु हाव्रची चाल

अमेरिकेतल्या चर्चच्या गीतपुस्तकात प्रत्येक गीताच्या पानावर बारीक टायपात तीन गोष्टी छापलेल्या असतात. शब्द कोणाचे, संगीत कोणाचं आणि चालीचं नाव काय. उपासनेला आलेली मंडळी तिकडं बघत नाहीत. गायनवृंदात उभं राहणाऱ्यांना मात्र ती नावं तोंडपाठ होतात, कारण तालमीत ऑर्गनवादक पुष्कळदा चालीच्याच नावानं गीत पुकारतो. ‘इट इज वेल विथ माय सोल’ या गीताच्या चालीचं नाव आहे ‘व्हिल द्यु हाव्र’. ते एका फ्रेंच आगबोटीचं नाव. गीत लिहिणाऱ्या होरेशिओ स्पॅफर्ड यांच्या चार मुली त्या बोटीबरोबर अटलांटिकच्या तळाशी गेल्या.

तरणंताठं पोर अचानक गेलं की इथं हमखास हे गीत मागितलं जातं. शिकागोकडच्या आमच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांतही. एरवी आम्ही ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडून पेटीवर रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणणारी माणसं. पण दफनविधीला शेजारीपाजारी येतात, मुलाच्या कॉलेजातले मित्र येतात, त्यांनाही म्हणता येईल असं काहीतरी हवं असतं. गीताआधी पाळक त्याची गोष्ट सांगतात. मुली बुडाल्याचं कळताच स्पॅफर्ड पत्नीला आणायला निघाले. भर समुद्रात कप्तानानं त्यांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, हीच ती जागा. ते केबिनमध्ये परतले आणि तिथंच त्यांनी हे गीत लिहून काढलं.

पुढच्या बाकावर बसलेल्या आईबापांकडं बघत मी ही गोष्ट ऐकलेली आहे. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ऐकणाऱ्या बापाच्या मनात त्यातून काय उतरतं? खरा विश्वास असेल तर महिन्याभरात गाता यायला हवं. मला येत नाही, म्हणजे माझ्यातच काही कमी आहे. पोर गेल्याच्या दुःखावर हे आणखी एक ओझं. म्हणून या गीतामागं प्रत्यक्षात काय घडलं ते नीट सांगायला हवं असं मला वाटतं.

स्पॅफर्ड शिकागोतले नावाजलेले वकील. प्रेस्बिटेरियन चर्चचे वडील, सुवार्तिक ड्वाइट मूडी यांचे जवळचे मित्र. ऑक्टोबर 1871 च्या आगीत शिकागोचा मोठा भाग जळाला, सुमारे 300 माणसं गेली, लाखभर बेघर झाली. स्पॅफर्ड यांनी जमिनीत गुंतवलेला पैसाही त्यात अडकला. दोन वर्षांनी, पत्नी अ‍ॅनाची प्रकृती खालावली म्हणून, सगळ्यांनी युरोपला जायचं ठरलं. ऐन वेळी जमिनीच्या व्यवहाराचं काम निघालं आणि स्पॅफर्ड मागं राहिले. नोव्हेंबर 1873 च्या मध्याला अ‍ॅना चौघींना घेऊन न्यूयॉर्कहून निघाल्या. अ‍ॅनी 11 वर्षांची, मॅगी 9, बेसी 5 आणि टॅनेटा 2.

22 नोव्हेंबरच्या पहाटे दोनच्या सुमारास ‘लॉक अर्न’ हे लोखंडी बांधणीचं शिडाचं जहाज ‘व्हिल द्यु हाव्र’वर आदळलं. बारा मिनिटांत बोट बुडाली. 226 जण गेले, 87 वाचले. अ‍ॅना बेशुद्धावस्थेत एका फळीवर तरंगताना सापडल्या. वाचलेल्यांना दुसऱ्या एका जहाजानं वेल्समधल्या कार्डिफला पोहोचवलं आणि तिथून अ‍ॅनांनी नवऱ्याला तार केली. एकटीच वाचले, काय करू, असा तिचा आशय. ती तार आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवलेली आहे. लोक त्यातल्या ‘एकटीच’पाशी थांबतात. मला तो पुढचा प्रश्न जास्त लागतो, कारण पोर गेलेल्या प्रत्येक घरात मी तोच ऐकला आहे. आता काय करू. जेवू का, झोपू का, त्याच्या कपड्यांचं काय करू.

आता गीत कुठं लिहिलं गेलं ते. बोटीवर, असं स्पॅफर्ड यांची पुढं जन्मलेली मुलगी बर्था सांगे. पण आयरा सँकी, म्हणजे मूडींच्या सभांतून गाणारे, यांनी आपल्या आठवणींत वेगळंच लिहिलंय. 1876 मध्ये ते आणि मूडी शिकागोला स्पॅफर्ड यांच्या घरी काही आठवडे राहिले होते, त्या मुक्कामात गीत लिहिलं गेलं, असं त्यांचं म्हणणं. सँकींच्या त्या पुस्तकालाही एक इतिहास आहे. पहिलं हस्तलिखित बॅटल क्रीकच्या आरोग्यधामाला 1902 मध्ये लागलेल्या आगीत जळालं, मग दृष्टी गेलेली असताना त्यांनी सगळं आठवून आठवून पुन्हा सांगितलं. तेव्हा त्यांच्यावरही शंभर टक्के विसंबता येत नाही. तिसरा साक्षीदार कागद. स्पॅफर्ड यांच्या हातचा जो मसुदा मिळतो, तो ब्रेवूर्ट हाऊस या शिकागोतल्या हॉटेलच्या पत्रकागदावर आहे. हॉटेलचे कागद माणूस प्रवासात बरोबरही नेतो, म्हणून त्यावरून निकाल लागत नाही. पण गीत पहिल्यांदा लोकांसमोर आलं ते 24 नोव्हेंबर 1876 ला, शिकागोच्या फारवेल हॉलमध्ये. अपघाताला तेव्हा तीन वर्षं आणि दोन दिवस झाले होते.

ही तीन वर्षं मला महत्त्वाची वाटतात. पहिला मसुदा बोटीवर झाला असं धरलं, तरी ते शब्द कोणी मोठ्यानं म्हणेपर्यंत मध्ये इतका काळ गेला. त्या काळात घरात काय काय झालं असेल, किती रात्री कोणी कोणाशी बोललं नसेल, ते व्यासपीठावरच्या गोष्टीत येत नाही.

बोटीवर स्पॅफर्ड यांनी एक गोष्ट मात्र नक्की लिहिली. अ‍ॅनाच्या सावत्र बहिणीला पत्र. त्यात त्यांनी कळवलंय की ती जागा ओलांडली, तिथं पाणी तीन मैल खोल आहे. पण आपली पोरं तिथं आहेत असं आपण समजत नाही, ती मेंढवाड्यात सुखरूप आहेत. मला गीतापेक्षा हे पत्र जवळचं वाटतं. वकील माणूस, खोलीचा आकडा विचारून घेतो. आधी तीन मैल मान्य करतो आणि मग म्हणतो की मुली तिथं नाहीत. ख्रिस्ती माणसाची पुनरुत्थानाची आशा म्हणतात ती अशीच असते. आधी खोली मोजावी लागते.

त्या दिवसांत मूडी आणि सँकी स्कॉटलंडमध्ये होते. एडिंबरोत सभांना तोबा गर्दी होत होती, मूडींच्या आयुष्यातला तो भरभराटीचा काळ. सँकी लिहितात की मूडी ते काम तसंच टाकून लिव्हरपूलला गेले, स्पॅफर्ड नवराबायकोला भेटायला. हजारोंसमोर बोलणारा माणूस दोघांजवळ जाऊन बसला. तिथं काय बोलणं झालं त्याचा तपशील फारसा कोणी लिहून ठेवला नाही, आणि मला त्याचं बरं वाटतं.

चाल बांधली फिलिप ब्लिस यांनी. फारवेल हॉलमध्ये पहिल्यांदा गायलेही तेच. त्यानंतर बरोबर पाच आठवड्यांनी, 29 डिसेंबर 1876 ला, ओहायोतल्या अ‍ॅश्टॅब्युला इथं बर्फाच्या वादळात रेल्वेचा लोखंडी पूल कोसळला. गाडी नदीत पडली, डब्यांतल्या शेगड्यांनी पेट घेतला. नव्वदच्या वर माणसं गेली. त्यांत 38 वर्षांचे ब्लिस आणि त्यांची पत्नी ल्युसी होते. त्यांचे मृतदेह ओळखताही आले नाहीत. दोन लहान मुलं पेन्सिल्व्हेनियात नातेवाइकांकडं ठेवलेली होती म्हणून वाचली. त्या चालीत चौथ्या ओळीला सूर हळूहळू वर चढतो, ऑल्टोच्या बायकांना तिथं श्वास पुरवावा लागतो. तिथं आलं की मला दर वेळी ब्लिस आठवतात.

आणि यापुढचं तर पाळक जवळजवळ कधीच सांगत नाहीत. अपघातानंतर स्पॅफर्ड यांना पुन्हा मुलं झाली. 1875 मध्ये मुलगा, वडिलांच्याच नावाचा. 1878 मध्ये बर्था. फेब्रुवारी 1880 मध्ये मुलगा लाल पुरळाच्या तापानं गेला. चार वर्षांचा होता. या खेपेला त्यांच्याच चर्चमधले लोक कुजबुजू लागले. एवढं एका घरावर येतं म्हणजे काहीतरी पाप असणार, देव शिक्षा करतोय. ज्या घरातून सबंध ख्रिस्ती जगाला सांत्वनाचं गीत मिळालं, त्या घरालाच हे ऐकावं लागलं. पुराणकाळी बायबलमधल्या ईयोबाचे मित्र हेच करत होते. सात दिवस ते त्याच्याजवळ गप्प बसले तोवर ठीक चाललं होतं, तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं.

स्पॅफर्ड यांचाही चिरंतन नरकाच्या शिकवणीवरचा विश्वास उडाला होता. ते चर्च त्यांना सोडावं लागलं. 1881 मध्ये काही सोबत्यांसह दोघं जेरुसलेमला गेले आणि तिथं सामुदायिक घर करून राहिले. लोक त्याला ‘अमेरिकन कॉलनी’ म्हणत. त्या घराच्या कारभाराबद्दल आणि स्पॅफर्ड यांनी शिकागोत मागं ठेवलेल्या कर्जांबद्दल पुढं बरंच उलटसुलट लिहिलं गेलं. ते खोटं नाही, आणि मी त्यांना संत करू इच्छित नाही. 1888 मध्ये मलेरियानं ते तिथंच वारले. अ‍ॅना 1923 पर्यंत होत्या. त्यानंतरची 1925 सालची नाताळची आदली संध्याकाळ. बर्था गीतं गायला बेथलेहेमकडं निघाली असताना तिला एक खेडूत भेटला. गाढवावर आजारी बायको, हातात तान्हं मूल. बर्थानं बाईला दवाखान्यात पोहोचवलं. ती बाई रात्री वारली. सकाळी तो माणूस मूल घेऊन दारात उभा, तुम्हीच याला वाढवा म्हणून. नाताळ म्हणून त्याचं नाव नोएल ठेवलं. त्यातून जुन्या शहराच्या तटालगत मुलांसाठी घर उभं राहिलं आणि त्याला नाव दिलं ते अ‍ॅनाचं. पुढं त्याचं बालरुग्णालय झालं. कोणत्याही धर्माच्या मुलाला तिथं दार उघडं असे. चार पोरी बुडालेल्या आईच्या त्या ‘काय करू’ला मिळालेलं उत्तर असेल, तर मला ते गीतापेक्षा इथं दिसतं. त्यालाही पन्नासावर वर्षं लागली.

शिकागोतच, अ‍ॅनाच्या तारेनंतर सुमारे साठ वर्षांनी, दुसऱ्या एका तारेची गोष्ट आहे. ऑगस्ट 1932. टॉमस डॉर्सी हे कृष्णवर्णीय संगीतकार, एके काळी ‘जॉर्जिया टॉम’ नावानं ब्लूज वाजवणारे, सभांसाठी सेंट लुइसला गेले होते. घरी पत्नी नेटी, दिवस भरलेले. भर सभेत पोऱ्यानं तार आणून दिली, बायको गेली. आजूबाजूला लोक टाळ्या वाजवत गातच होते. डॉर्सी घरी पोहोचले, मुलगा झाला होता. तोही गेला. आई आणि बाळाला त्यांनी एकाच पेटीत ठेवून माती दिली. पुढं डॉर्सी स्वतःच सांगत की देवानं माझ्यावर अन्याय केला असं वाटलं, देवाची गाणी सोडून पुन्हा ब्लूजकडं जावं असं वाटलं. थिओडोर फ्राय हे मित्र त्यांना घरातून बाहेर काढून पोरो कॉलेजला घेऊन गेले, केशभूषेचं शिक्षण देणारी ती संस्था, तिथं एका खोलीत पियानो होता. त्या पियानोवर एका जुन्या चालीच्या आधारानं ‘प्रेशस लॉर्ड, टेक माय हँड’ झालं. 4 एप्रिल 1968 ला मेम्फिसमध्ये गोळी लागण्याच्या क्षणभर आधी मार्टिन ल्यूथर किंग हेच गीत आज रात्री वाजवा म्हणून वादक बेन ब्रँच यांना सांगत होते, आणि किंग यांच्या दफनविधीत महालिया जॅक्सन यांनी ते गायलं. डॉर्सींचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. मित्राला उठवून पियानोपर्यंत नेणाऱ्या फ्राय यांचं नाव आम्ही चर्चमध्ये घेतलं पाहिजे.

मघाशी कुजबुजणाऱ्या लोकांचं लिहिलं. ती कुजबुज आपल्याकडंही आहे, थोड्या गोड भाषेत. ‘प्रभूची इच्छा.’ ‘चांगली माणसं देवालाही हवी असतात.’ आमच्यातल्या एका ताईंचा मुलगा, बावीस वर्षांचा, रात्री कॉलेजच्या गावी परत जाताना गाडीच्या अपघातात गेला. गाडी चालवताना झोप लागली असावी, असं पोलीस म्हणाले. आम्ही बायका आळीपाळीनं त्यांच्याकडं जेवण पोहोचवत होतो. एका संध्याकाळी मी पोळ्यांचा डबा उघडत होते, तेवढ्यात शेजारी बसलेल्या कोणीतरी प्रेमानंच म्हटलं, ‘ताई, देवानंच बोलावून घेतलं त्याला.’ ताईंनी माझ्या हातातून झाकण घेतलं, डबा परत बंद केला, चारी कड्या एकेक करून लावल्या आणि आत निघून गेल्या. डबा तसाच राहिला.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना विल्यम स्लोन कॉफिन यांचं प्रवचन नेऊन दिलं. छापून, अक्षर मोठं करून. ते प्रवचन दिलं तेव्हा कॉफिन न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चचे मुख्य पाळक होते. त्याआधी येल विद्यापीठात अनेक वर्षं धर्मगुरू, वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात तुरुंगात गेलेले, तरुणपणी पॅरिसला पियानो शिकलेले. जानेवारी 1983 मध्ये बॉस्टनला वादळी पावसात त्यांच्या 24 वर्षांच्या मुलाची, अ‍ॅलेक्सची, गाडी रस्ता सोडून बंदराच्या पाण्यात गेली. दोन आठवड्यांच्या आत बाप व्यासपीठावर उभा राहिला. एखाद्यानं रजा घेतली असती, कोणी काही म्हटलं नसतं.

त्या प्रवचनात एक प्रसंग आहे. अपघातानंतर कॉफिन बहिणीच्या घरी बसलेले असताना एक बाई घरचं खाणं घेऊन आल्या आणि आत जाता जाता उसासून म्हणाल्या, देवाची इच्छा काही कळत नाही बघा. कॉफिन उठून त्यांच्या मागं गेले आणि भडकलेच. गाडीचा वायपर बिघडलेला, तो अ‍ॅलेक्सनं दुरुस्त केला नव्हता, ही काय देवाची इच्छा? तो बहुधा वेगात होता, थोडी जास्त झालेली असेल, ही देवाची इच्छा? त्या रस्त्याला दिवे नाहीत, पाण्याच्या बाजूला कठडा नाही, ही देवाची इच्छा? आपल्या लेकराबद्दल, हजार लोकांसमोर, हे बोलायला छाती लागते. मग ते म्हणाले की कोणाचा मृत्यू झाल्यावर कधीही बोलू नये असं एकच वाक्य असेल तर ते हेच, की देवाची इच्छा होती. लाटा त्या गाडीवर मिटल्या तेव्हा सगळ्यात आधी देवाचं काळीज फुटलं, यातच आपल्याला आधार आहे.

काही पाळक बांधवांनी वचनांनी भरलेली पत्रं पाठवली, त्यांबद्दलही कॉफिन सरळ बोलले. वचनं खरी आहेत, मला पाठ आहेत, पण दुःखानं ती सध्या माझ्यासाठी खरी राहिलेली नाहीत. ज्यांनी नुसता हात धरला, फुलं पाठवली, त्यांनी मला सावरलं. कॉफिन यांनी 22 व्या स्तोत्राची आठवण करून दिली, ज्याचा आरंभ देवानं मला का सोडलं या टाहोनं होतो आणि जे वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलं. ज्या धर्मग्रंथात हा टाहो खाडाखोड न करता ठेवलेला आहे, तिथं आपल्या रडण्याला जागा नाही असं कोण म्हणेल? लाजराला आता उठवायचंच आहे हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरीपाशी रडला. मला बायबलमधली ही जागा सगळ्यात आश्वासक वाटते. आशा आहे म्हणून रडायचं नाही, असं त्यानं केलं नाही.

आणि कॉफिन आशेवरही आले. अ‍ॅलेक्सला खेळात, शर्यतीत, प्रत्येक ठिकाणी बापाला हरवायला आवडायचं. आता कबरीपर्यंतही तो बापाच्या आधी पोहोचला. पण शर्यतीची शेवटची रेघ काही त्या रात्री बंदराच्या पाण्यात नव्हती, असं कॉफिन म्हणाले. ख्रिस्ती भाषेत पुनरुत्थान म्हणतात ते त्यांनी अशा शब्दांत सांगितलं. नंतर इतक्या वर्षांत अमेरिकेत पोर गेलेल्या किती घरांत त्या प्रवचनाचे कागद गेले असतील, त्याची गणती नाही.

ताईंनी ते कागद पंधरा-वीस दिवस वाचलेच नाहीत. मग वाचले. मला फोन करून म्हणाल्या, ‘त्या बाईवर ते ओरडले ना, ते मी चार वेळा वाचलं.’ त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी त्या चर्चला येऊ लागल्या. उभ्या राहत, गात नसत. कोणी त्यांना गायला सांगितलं नाही. जुन्या करारातली शूनेमची बाई तशीच होती. तिचा एकुलता मुलगा शेतात डोकं दुखतंय म्हणाला आणि दुपारी आईच्या मांडीवर गेला. वाटेत विचारणाऱ्यांना ती सगळं ठीक आहे एवढंच सांगत राहिली, अलीशा संदेष्ट्यापाशी पोहोचल्यावर मात्र तिनं त्याचे पाय घट्ट धरले. सेवक तिला दूर सारायला धावला, तर अलीशा म्हणाला, असू दे तिला, तिचा जीव फार दुखावलाय. स्पॅफर्ड यांच्या गीतातल्या ‘इट इज वेल’चं मूळ पुष्कळजण तिच्या त्या ‘सगळं ठीक आहे’मध्ये शोधतात.

मध्यंतरी ताईंच्या घरी प्रार्थनेला जमलो होतो. चहा झाला, बोलणं मुलावर आलं. आता त्या त्याच्याबद्दल बोलतात, त्याच्या वाईट सवयींसकट. स्वर्गात भेट होईल असं कोणीतरी म्हणालं. ताईंनी लगेच मान हलवली. ‘होणारच आहे. त्यात मला शंका नाही. आणि भेटल्यावर आधी रागावणार आहे मी त्याला. तीनदा सांगितलं होतं, झोप आली की गाडी बाजूला घे म्हणून. ते झालं की मग जवळ घेईन.’